पोचल्यावर सांगतो

वणी,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. वैष्णवी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. कापसाचा पहिला वेचा झाला, आईचा गुडघा तिच्यासारखाच हट्टी आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहून फोटो पाठवतो.

काल तिकिटवाल्या सुनीलकडे गेलतो. दिल्ली ते व्हँकुव्हर अकरा हजार किलोमीटर, चौदा तास. मी म्हटलं, "मधात चहाले कुठं थांबते?"

"काका, ते इमान आहे, तुमचा ट्रक नाही."

"अन् डायवर झोपला तं?"

"बदली डायवर असते न जी!"

मग बरं. आणि ऐक, पहाटे निघालेलं विमान त्याच तारखेला सकाळी तिथं उतरतं म्हणे. एवढ्या लवकर माल मी उभ्या जन्मात पोचवला नाही. मानलं बुवा त्या लोकांना!

मी यायचं काढलं की तू कधी थंडी सांगतेस, कधी सुट्टी नाही, कधी खोली लहान. गोदामाच्या हापिसात टेबलावर बसते म्हणतेस. मीही गावभर तेच सांगतो.

पण रविवारी आईनं फोन लावला तेव्हा स्पीकर चालू होता. "थांब गं आई," म्हणालीस. मागं इंजिनाचा आवाज होता. त्यावरूनच कळलं, उतार होता. तू ब्रेक दाबत बसली नाहीस, गाडी इंजिनावर धरलीस, एकेक गिअर खाली आणलास, बाजूला घेतलीस. मग हवेच्या ब्रेकचा फुस्स आवाज. टेबलाला हवेचे ब्रेक नसतात, बाई.

तरी मी म्हटलं, असेल दुसऱ्या कोणाची गाडी. तेवढ्यात आईनं विचारलं, "घरी कधी पोचशील?" तू म्हणालीस, "पोचल्यावर सांगते."

हापिसातला माणूस सांगतो, सहाला. पोचायची वेळ तोंडातून न काढणारी जात एकच, आपली डायवरांची. मीही निघताना तुझ्या आईला एवढंच सांगायचो. ती डबा हातात द्यायची अन् आत वळायची.

कोळशाच्या धुळीत माझं आयुष्य गेलं, म्हणून पोरीनं टेबलावर बसावं वाटायचं. त्यामुळं तू बोलली नाहीस, कळते मले. पण तो उतार ऐकला अन् मी उठून अंगणात गेलो. आईनं विचारलं, "काय झालं जी?" म्हटलं, "काही नाही. पोरगी लय सफाईनं चालवते."

तिला सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "तिले डबा कोण देत असन?"

म्हणून तिकीट काढलं. पदवीदानासाठी तू काढून दिलेला व्हिसा अजून चालू आहे. तीळ-जवसाची चटणी घेऊन येतो. तिकडं स्टिअरिंग डावीकडे असते म्हणे. म्हणजे उजवी बाजू, जिथं मी जन्मभर बसलो, तिथंच मला बसता येईल. फक्त हात मांडीवर ठेवीन, शब्द देतो.

तारीख सुनील कळवेल. मला मात्र विचारू नको. पोचल्यावर सांगतो.

तुझा क्लीनर,
बाबा