मासळी घ्यायला उतरले होते का?

बोईसर, १८ नोव्हेंबर १९६६

ह्यांच्या कामावरचा मुकादम आज नारळ घेऊन आला. ह्यांच्या मोडलेल्या पायाची चौकशी केली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "वहिनी, परवा वाटेत गाडीतून मासळी घ्यायलाच उतरले होते ना?" ह्यांना बोंबील आवडतात, मी हो म्हणणारच होते. दारात बसलेली चिंचणीची मासेवाली पुटपुटली, "बाय, ह्यो मासलीचा कशाला इचारतो?" मी चहाचं निमित्त करून आत गेले.

तो गेल्यावर हे चिडले. "कसली मासळी! कामाची गाडी बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, उतरून धक्का मारा. तीच मागे आली पायावर."

मागे दुसऱ्या एका अपघाताच्या वेळी पालघरचे वकील म्हणाले होते, माणूस गाडीच्या कामासाठी उतरला असेल तर भरपाई, स्वतःच्या कामासाठी असेल तर नाही. हा नियम मुकादमाला ठाऊक नसेल? म्हणूनच मासळी?

संध्याकाळी उमरोळीला ड्रायव्हरच्या घरी गेले. बायको म्हणाली, "ते नाय घरात. मुकादमानं सकालीच लांबच्या कामावर धाडलं."

"कुठं?"

"ते मला पन नाय सांगितलं."

धक्का मारायला आणखी दोघे होते. ह्यांच्याकडून त्यांची नावं घेतली आहेत. उद्या मुकादमाच्या आधी त्यांच्या दारात मी उभी असेन.