पाच तारे दिलेला प्रवास

प्रिय ललित,

तुझं-माझं बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली, तरी कागदावर आधी 'प्रिय'च उमटलं. अकरा वर्षं तू माझ्या समोरच्या टेबलाशी बसलास, त्याची सवय. फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो, आणि हे मला शांतपणे सांगायचं आहे.

ऑफिस नाशकात द्वारका चौकात तिथेच आहे. यात्रेच्या दोन्ही गाड्याही आहेत. मुद्दाम लिहितो, कारण त्या ऑनलाइन कंपनीत गेल्यावर तू माझ्या वहीतल्या एकेका यात्रेकरूला फोन करून सांगितलंस की सावळीरामदादांनी गाड्या विकल्या, आता बुकिंग आमच्या ॲपवरच करा. लासलगावच्या अंबूबाई मला द्वारकेलाच भेटल्या. रिक्षातून उतरता उतरता म्हणाल्या, "काय रे, गाड्या इकल्या आन् सांगितलंबी नाय? आमी काय परके होतो?" मी त्यांना मागच्या गल्लीत नेऊन गाडी दाखवली. त्या कितीतरी वेळ तिच्या पत्र्यावरून हात फिरवत राहिल्या. त्या संध्याकाळी देवापुढे बसलो, माळ बोटांतून सरकत राहिली आणि मी तुझंच वाईट चिंतत होतो.

तुमचं ॲप मी रोज उघडून बघतो. ओंकारेश्वरच्या यात्रेखाली माझा फोटो आहे, मी पोहे वाढतोय. चेहरा कापलात, पोह्यांचं पातेलं ठेवलंत.

ऑनलाइनवर माझा राग नाही. आमच्या तेजलने विमानाचं तिकीट मोबाइलवर काढलं आणि ती सुखरूप पोचली. पण सत्तरीतल्या बाईचा प्रवास वेगळा. कुणाला दर तासाला उतरावं लागतं आणि सांगायची लाज वाटते, कुणाला वेळेवर खायला लागतं, कुणाला पायरी जड जाते. वहीत नंबरापुढे मी हे सगळं लिहून ठेवायचो. तू नंबर नेलेस. पुढचं लिहिलेलं कंपनीच्या रकान्यात बसलं नसेल.

मागच्या श्रावणात तू तुझ्या आईला, नवसामावशीला, तुमच्या त्याच ओंकारेश्वरच्या यात्रेला पाठवलंस. नंतर ॲपवर पाच तारे दिलेस आणि लिहिलंस, 'आईला खूप आनंद झाला.' आईला विचारलं होतंस?

सेंधव्याच्या एका ढाब्यावर गाडी थांबली. मावशीच्या गुडघ्यांमुळे तिला वेळ लागतो. ती संडासातून बाहेर आली तेव्हा गाडी निघून गेली होती. तिकिटं नाशकातच मोबाइलवर तपासून झालेली, पुन्हा माणसं मोजायची कुणाला गरज वाटली नाही. तिच्या शेजारची सीट रिकामी, त्यामुळे विचारणारंही कुणी नाही. तिचा फोन पिशवीत, पिशवी गाडीत. तुझा नंबर फोनमध्ये होता, पाठ नव्हता. पाठ होता तो माझ्या गाडीच्या मागे रंगवलेला. ढाबेवाल्याच्या फोनवरून तिने तो लावला. "सावळीराम, मी हितं एकटीच हाय रे," एवढंच बोलली आणि रडायला लागली.

सेंधव्याचा टॅक्सीवाला रवी माझ्या पंधरा वर्षांच्या ओळखीचा. तो भरल्या ताटावरून उठला आणि तिला थेट ओंकारेश्वरला घेऊन गेला. तुमची गाडी तिथे पोचलेली होती. एक बाई कमी आहे हे तोवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मावशीने मला शपथ घातली. "ललितला सांगू नको. त्याला लय वाईट वाटंल. आन् त्याची नोकरी हाय ती." इतके महिने मी शपथ पाळली, आज मोडतो. हे सुडाने करतोस का, असं काल मी देवापुढे बसून स्वतःला विचारलं. हो, सुडानेच करतोय.

परवा मावशी पिशवी भरूनच ऑफिसात आली. सोमवारी माझी गाडी काशीला निघते आहे. "लिही माझं नाव," म्हणाली, "खिडकीची सीट दे, आन् तुझी ती रडकी भजनं लावू नको." मी नाव लिहिलं. पण आपली रीत तुला ठाऊक आहे. निघताना घरच्या माणसाने म्हाताऱ्या माणसाचा हात माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, 'सांभाळून न्या, सांभाळून आणा.' परतल्यावर तो हात मी त्यांच्या हातात परत देतो. घरचं कुणी नसेल तर शेजारीही चालतं. मावशी म्हणाली, शेजारच्या सविताला आणते. मी नाही म्हणालो, ललितच पाहिजे. "नाय येणार तो," ती म्हणाली, "कोणत्या तोंडानं येईल?" मग मावशी, तूही नाही यायचं, असं मी म्हणालो. ती उठली, पिशवी तिथेच ठेवून घरी गेली. देवाला निघालेल्या म्हातारीला मी अडवून धरलंय, हे पाप माझ्या माथी लागेल. लागू दे.

म्हणून हे पत्र. सोमवारी पहाटे साडेपाचला द्वारकेला ये. गाडीत वीस माणसं असतील, त्यातल्या बहुतेकांना तू तो गाड्या विकल्याचा फोन केलेला आहेस. माझी माफी मागू नकोस, मला ती नको. फक्त आईचा हात माझ्या हातात दे आणि ते वाक्य म्हण. जरा मोठ्याने म्हण. अंबूबाई अगदी मागच्या सीटवर बसतात आणि हल्ली त्यांना कमी ऐकू येतं.

अजूनही तुझाच,
सावळीराम