करकोच्यांपायी अबोला

वलगाव, ६ जानेवारी २०२५

ती. मनकर्णाबाईस, धाकट्या देवरावाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतेस, म्हणून पत्र. सायकल दुरुस्तीवाला कुर्बान, माझा चाळीस वर्षांचा दोस्त, थंडीत दर रविवारी चार जण घेऊन पाखरं पाहायला जातो. यंदा मलाही नेलं. काल तलावाजवळ शेताच्या धुऱ्याआड आम्ही पालथे पडलो होतो. त्यानं चार हिवाळे ज्यांची वाट पाहिली ते करकोचे अखेर आले, साठसत्तर तरी असतील, आणि शेजारच्या हरभऱ्यात उतरू लागले. बाई, पन्नास वर्षं ज्वारी राखलेला माणूस मी. मले कळायच्या आत तोंडातून हुर्र्र निघालं, हातातून ढेकूळ सुटलं. आभाळ साफ.

कुर्बाननं दुर्बीण पिशवीत टाकली, सायकलवर टांग मारली, चहाही न घेता गेला. आम्ही भांडलो पुष्कळ, अबोला कधी नव्हता. आज दुकानावरून दोनदा गेलो, तर तो चाकातलं पंक्चरच शोधत बसला. पंक्चर नव्हतंच. त्याच्याशिवाय गावात माझ्याशी भांडणारं आहे तरी कोण? काय करू ते कळव.

तुझ्या मायेतला,
देवराव

अकोला, ९ जानेवारी २०२५

चि. देवरावास बहिणीचे अ. उ. आ.

पत्र वाचून हसू आवरेना. सून विचारत होती की सासूबाईले झालं काय. तुझ्या लग्नात अक्षता टिपायला चिमण्या उतरल्या, तेव्हाही बाशिंग सांभाळत तू अशीच आरोळी ठोकली होतीस आणि मंगलाष्टक मधेच थांबलं होतं. तुले नेलं हीच कुर्बानची चूक. तरी गुन्हा तुझाच. मंगळवारी संक्रांत आहे, तिळगूळ घेऊन जा. परवीनच्या हाती देऊन पळू नकोस, तिच्या नवऱ्याच्याच हाती दे. आणि तिथं आपलं पुराण लावू नकोस. येणाऱ्याजवळ ओल्या तुरीच्या शेंगा धाड.

आहे ती माया धरून असावे,
मनकर्णाबाई

वलगाव, २० जानेवारी २०२५

ती. मनकर्णाबाईस, देवरावाचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ दिला. त्यानं खाल्ला, तीळ चांगले भाजले म्हणाला, पण परवीनवहिनीला. माझ्याकडे पाहिलंही नाही. हात हलवत परत आलो.

शनिवारी सकाळी शेतावर गेलो तर तेच करकोचे माझ्याच हरभऱ्यात, ऐन दाणे भरलेल्या घाट्यांवर. घशाशी आलेलं कसं दाबलं ते माझं मलाच ठाऊक. खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला आणि तसाच दुकानापर्यंत पळालो. कुर्बानला वाटलं, याची दाढ दुखून राहिली. बाही धरून ओढत आणला. तुरीआड दोघं पडलो. तो मोजू लागला, दोनदा आकडा चुकला. घटकाभरात माझ्या हरभऱ्याच्या चार ओळी बोडक्या झाल्या, मी तोंडातला बोळा दातांनी आवळला.

मग तोच पहिल्यांदा बोलला. हळूच म्हणाला की लेका देवराव, हाकल आता, पोराबाळांच्या तोंडी तरी काही राहू दे. मी बोळा काढून विचारलं, मोजून झाले काय. तो म्हणाला, बासष्ट का त्रेसष्ट, एक मघाशी जागा बदलून बसला.

मी बोळा परत तोंडात घातला आणि बोटानं त्याला खूण केली, पयल्यापासून मोज.

शेंगा धाडतो. हरभऱ्याचं मात्र यंदा विचारू नकोस. लोभ आहेच, तो तसाच राहो.

तुझा,
देवराव