काचेपलीकडची खूण

प्रिय ठमे,

हे पत्र आईचं आहे, बाबांचा उपदेश नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच. तू आणि तुझे बाबा एकमेकांशी बोलत नाही याला आता दोन वर्षं झाली. माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर. फोनवर तुझा आवाज ऐकताना समोरच्या खुर्चीत ते पेपर उलटा धरून कान टवकारतात, आणि मी फोन ठेवला की हवापाण्याच्या गप्पा काढतात.

भांडण आठवतं ना? रविवारी चर्चमधली उपासना आटोपून जेवायला बसलो होतो. तू म्हणालीस, माणूस आणि वानर एकाच घराण्यातले, फरक पायरीचा आहे, भिंतीचा नाही. बाबा ताडकन म्हणाले, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं, वाणी दिली. आदामाने जनावरांना नावं दिली, जनावरांनी आदामाला कधी नाव दिलं का? तू ताट सारून उठलीस. हट्टात तरी तुम्ही दोघं एकाच घराण्यातले आहात, त्याला पवित्र शास्त्राचाही पुरावा नको आणि विज्ञानाचाही.

तर ऐक. मागच्या मंगळवारी बाबा घशाचे रिपोर्ट आणायला दवाखान्यात गेले ते थेट संध्याकाळी उगवले. तिथून परस्पर गेले होते तुझ्या प्राणिसंग्रहालयात! रीतसर तिकीट काढून, टोपी कपाळावर ओढून, शाळेच्या पोरांच्या घोळक्यामागे उभे. एवढे पाळकसाहेब, आणि चिंपांझीच्या खोलीपुढे चोरासारखे. काचेपलीकडे तू त्या म्हातारीची नखं कापत होतीस. ती हात मागे घ्यायची, तू थांबायचीस, हातांच्या खुणांनी काहीतरी विचारायचीस, मग तीच हात पुढे करायची. एका हाताला अर्धा तास लागला, पण तू एकदाही ओढला नाहीस, हे बाबांनी मला तीनदा सांगितलं. मधेच तू बाहेर जाऊन परत आलीस, तशी तिने आपल्या कानाची पाळी चोळली. रखवालदार पोरांना सांगत होता, ही खूण तिला कोणी शिकवलेली नाही. मॅडम विचारात पडल्या की पाळी चोळतात, म्हणून तिनेच त्यांना दिलेलं हे नाव आहे.

घरी आल्यावर मी विचारलं, होतात कुठे? तर त्यांनी नुसती कानाची पाळी चोळली. मला वाटलं, आता कानही दुखायला लागला. मग खाली बसून सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता रडले गं.

मत बदललंय असं मात्र समजू नकोस. प्रतिरूप ते प्रतिरूप, तिथे ते तसूभर हलत नाहीत. पण नाव देण्याचं काम देवाने आणखी कोणाला वाटून दिलं असेल तर आक्षेप घेणारा मी कोण, असं म्हणाले. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. या वयात आपल्याच बोलण्याला छेद देणारं बघायला कोण आपल्या पायांनी जातं? आणि तुझ्या त्या अर्ध्या तासाचा मला किती अभिमान वाटला, ते समोर आलीस की सांगेन.

आता मुद्द्याचं. रिपोर्ट वाईट आलेत. येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे. जीव वाचेल म्हणतात, पण स्वरयंत्र काढावं लागणार, आवाज कायमचा जाणार. दुखण्याला ते भीत नाहीत. काल माझ्यासोबत भाजी निवडताना मात्र म्हणाले, वाणीच गेली तर माझ्यात आणि मुक्या जनावरात फरक तो काय राहिला? जन्मभर त्यांचे उपदेश ऐकले, पण मला उत्तर सुचेना. तुझ्याकडे असेल, आणि ते त्यांनी तुझ्याच तोंडून ऐकायला हवं. हातांची भाषा नंतर शिकवशीलच, त्याआधी बुधवारपर्यंत ये. गोडीगुलाबीने वागायची काही गरज नाही. दोन वर्षांचं साचलंय. त्यांना आवाज आहे तोवर एकदा दोघं कडाकडा भांडून घ्या, मी मध्ये पडणार नाही.

तुझीच,
आई