शिळ्या अंड्यांचा बाविसावा दिवस

आई, तुझ्या कोंबड्यांपैकी आता एकही राहिली नाही. आधी हेच सांगून टाकतो. तुला जाऊन नऊ वर्षं झाली, मी तेव्हा आठवीत होतो, आणि या नऊ वर्षांत घरामागचं खुराडं एकदाही रिकामं नव्हतं. तुझ्या काळ्या कोंबडीची पिल्लं, त्यांची पिल्लं, असं करत करत शेवटी एक तांबडी आणि एक कोंबडा उरला होता. धायरी आता तुला ओळखू येणार नाही. आपल्या समोर सात मजली सोसायटी झालीय. तिथले एक काका एकदा पप्पांना म्हणाले, "अहो, तुमच्या कोंबड्याला जरा समजवा, रविवारी आम्हाला सुट्टी असते." पप्पा म्हणाले, "त्याला नसते," आणि दार लावून घेतलं.

एप्रिलात तांबडी अंडी घालायला लागली. तू करायचीस तसंच केलं मी. तुझ्या बांबूच्या टोपलीत भाताचं तूस, त्यात अंडी निमुळतं टोक खाली करून, आणि मधोमध लोखंडी खिळा, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. विजेचा आणि खिळ्याचा काय संबंध हे तीन वर्षं इंजिनिअरिंग करूनही मला कळलं नाही, पण खिळा ठेवला. तांबडी खुडूक होऊन बसायला लागली की सगळी अंडी तिच्याखाली सरकवायची, एवढाच बेत होता. अकरा अंडी जमली आणि नेमकं तेव्हाच पप्पांना कळलं की मी दोन महिन्यांपूर्वी कॉलेज सोडलंय. का सोडलं म्हणून विचारलं त्यांनी. काय सांगू? फाईलवर सही द्यायला सरांनी तिसऱ्यांदा "उद्या ये" म्हटलं आणि मी ती फाईल त्यांच्या टेबलावर आपटली, चहा त्यांच्या शर्टावर गेला, मी जिना उतरलो तो परत चढलोच नाही. हे कारण सांगताना मलाच लाज वाटली, म्हणून मी आणखी ओरडलो. पप्पा म्हणाले, "तुझी आई असती तर..." मी म्हणालो, तिला मध्ये आणू नका, आणि बॅग घेऊन वाघोलीला मित्राच्या रूमवर गेलो. नऊ दिवस.

पप्पा पहाटे पाचला कंपनीची बस घेऊन हिंजवडीला जातात ते रात्री नऊला येतात. दिवेलागणीला खुराड्याचं दार लावायचं काम माझं. मी परत आलो तेव्हा मागे फक्त पिसं होती, तांबडीची आणि कोंबड्याची. पप्पांनी खाली बघत सांगितलं, "तू गेल्यावर दोन दिवसांनी खुडूक झाली होती ती. रिकाम्या गवतावर बसून असायची. कुत्री आली तरी उठली नसणार." मग म्हणाले, "माळ्यावर अंडी आहेत. बुर्जी करू, नाहीतर वास मारायला लागतील." मी टोपली छातीशी धरून बसलो. सगळ्यात जुनं अंडं पंचवीस दिवसांचं होतं, सगळ्यात नवं दहा.

मला माझी सातवीची उन्हाळ्याची सुट्टी आठवते. मावशीकडून ज्वारीच्या पिठात रोवून अंडी आली होती, किती दिवसांची कुणास ठाऊक, आणि तू ती कोंबडीखाली ठेवली होतीस. एकविसावा दिवस, पिल्लं निघायचा. तू ओट्याशी भाकरी थापतेयस. माझ्या खुराडं ते स्वयंपाकघर दहा चकरा मारून झाल्यात. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणतात, "अगं नासली असतील, फेकून दे." मी खुराड्यात हात घालतो, कोंबडी टोचते, तरी एक अंडं काढतो आणि कानाशी हलवून बघतो. तेवढ्यात मागून पाठीत धपाटा बसतो, पिठाच्या हाताचा. "ठेव खाली! शिळी हायती ती. शिळ्या अंड्याला एक दिस जादा द्यावा लागतो." मी रडत विचारतो, "आणि नाहीच निघाली तर?" तू म्हणतेस, "तर नाही निघाली. पण दिस द्यायचा." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात पिल्लं निघाली. त्यातलं काळं पिल्लू तू माझ्या ओंजळीत ठेवलंस. "हे तुझं. याच्यापायी मार खाल्लास ना." तीच पुढे तुझी काळी कोंबडी झाली. पाठीवर पाच पांढरी बोटं उमटलेला तो निळा शर्ट मी चार दिवस धुवायला टाकला नव्हता.

तर मी ठरवलं, ही अंडी उबवायची. औषधाच्या दुकानातून थर्माकोलचा खोका आणला, ऑनलाइन थर्मोस्टॅट मागवला, आत पाण्याची वाटी ठेवली. अडला तो बल्ब. एलईडी तापत नाही, पिवळा बल्ब हवा. धायरी फाट्यावरच्या दुकानदारानं माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नाही. "पिवळा बल्ब? संग्रहालयात विचारा." दुसऱ्या दिवशी रात्री पप्पांनी ओट्यावर दोन पिवळे बल्ब ठेवले. बसच्या गॅरेजमधून मागून आणले होते. "आई कोंबडीखाली ठेवायची," एवढंच म्हणाले, "तू मशीन केलंयस." मी प्रत्येक अंड्यावर एका बाजूला पेन्सिलीनं फुली केली आणि दिवसातून तीनदा फिरवत राहिलो. आठव्या दिवशी मोबाईलच्या टॉर्चवर धरून पाहिली. सहा अंडी नुसती पिवळी उजळली, आत काही नाही. पाचांत लाल बारीक शिरा होत्या आणि मधे एक ठिपका हलत होता. आई, मी स्वयंपाकघरात एकटाच मोठ्यानं हसलो.

आता एका मुलीचं सांगायचंय. तू असतीस तर तुला सगळ्यात आधी सांगितलं असतं. कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे होती, आता हिंजवडीत नोकरी करते. तिच्या घरी स्थळं बघतायत. ती मला म्हणाली होती, "एक वर्ष थांब, मी घरी हळूहळू सांगते." मी तिच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जाऊन तिच्या वडिलांना खाली बोलावलं आणि ओरडून आलो. त्यानंतर दोन महिने ती बोलली नव्हती. त्या आठव्या दिवशी मी तिला टॉर्चवरच्या अंड्याचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "हे जिवंत आहे??" मग रोज विचारायला लागली. चौदाव्या दिवशी एकात रक्ताची गोल रेघ दिसली, ते मेलेलं होतं, तेही तिला सांगितलं. चार उरली. ती म्हणाली, "पिल्लं निघतील त्या दिवशी बघायला येते." मी हिशोब केला आणि लिहिलं, शनिवारी दुपारी तीनला ये. एकविसावा दिवस.

शनिवारी मी घर झाडलं, क्रीमरोल आणून ठेवले. सकाळपासून दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडत होतो. उघडायचं नसतं, आतली वाफ जाते, माहीत होतं. चारही अंडी गप्प. तीन वाजून दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला: "आज नाही जमत रे, घरी पाहुणे आलेत. उद्या नक्की येते." मी फक्त "पाहुणे" वाचलं. कसले पाहुणे ते मला कळतं. मी लिहिलं, "येऊच नकोस." आणि खोक्याचं झाकण काढून भिरकावलं, एक अंडं उचललं आणि ओट्याच्या कडेवर आपटलं, आम्लेटला फोडतात तसं.

ते जिवंत होतं. ओलं, डोळे मिटलेलं, पोटाला अजून पिवळा बलक लोंबत होता, तो आत ओढून घ्यायचा राहिला होता. चोच उघडली, आवाज आला नाही. काळं होतं, आई. मी त्याला ओंजळीत घेऊन बल्बजवळ धरून बसलो, किती वेळ ते माहीत नाही. त्याची धडपड थांबल्यावर लक्षात आलं की खोका तेवढा वेळ उघडाच आहे. हात लावला तर बाकीची तिन्ही अंडी गार. घाईघाईनं झाकण लावलं, वाटीत कोमट पाणी ओतलं. रविवारी सकाळी त्यातल्या एकाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं. आतून चोचीचं टोक दोनदा हललं. दुपारपर्यंत ते हलायचं थांबलं. उरलेली दोन तशीच राहिली. तिला मेसेज पोचलाय, निळ्या खुणा दिसतायत. ती आली नाही. मी कुठल्या तोंडानं म्हणू की ये?

पप्पांना रविवारी सुट्टी होती. त्यांनी खोक्यात बघितलं, ओट्यावरची टरफलं बघितली. खुरपं घेऊन खुराड्यामागे खड्डा केला, चौघांना एका फडक्यात ठेवलं. माती लोटताना म्हणाले, "शिळीच होती रे अंडी. तुझा काय दोष." नऊ वर्षांत ते माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलले नव्हते. मी म्हणालो, "हो."

हा कागद टोपलीत, तुसाखाली, खिळ्याजवळ ठेवतोय. पप्पा तिथे हात घालणार नाहीत. त्यांना कधीतरी सांगेन की पहिलं मी फोडलं. पण एक गोष्ट त्यांनाही सांगता येणार नाही. दोन दिवस मी स्वतःला सांगतोय की रागाच्या भरात तुझं बोलणं विसरलो. विसरलो नव्हतो. अंडं हातात घेतलं तेव्हा तुझा आवाज अगदी मागून आला, पाठीवर पिठाचा हातसुद्धा जाणवला. तरी आपटलं.