उरलेले चार डोस

१२ जानेवारी २०११

आठ गाई, चार पॉझिटिव्ह. ब्रुसेला – गाई गाभडतात तो सांसर्गिक रोग; कच्च्या दुधातून किंवा गाभडलेल्या गाईला हात लागून माणसालाही होतो. उदयसिंहाला गोठ्यातच नोटीस वाचून दाखवली. चौघी वेगळ्या बांधायच्या, दूध विकायचं नाही, वरून हुकूम आला की गोशाळेत. कायमच्या. तो म्हणाला, "डॉक्टर साब, बीमार होतीं तो इतना चारा खातीं?" कायदा माझा नाही, सही मात्र माझी.

दिल्लीतल्या या द्वारकेच्या सोसायट्यांनी त्याची शेतं कधीच गिळली. गाईच तेवढ्या उरल्यात, त्यातल्या निम्म्या मी नेणार.

१९ जानेवारी

त्याची सून रिंकू चौघींची धार काढते आणि नालीत ओतते. रोज. आज बादली माझ्यापुढे ठेवली – "आप ही डाल दीजिए मैडम, मुझसे नहीं होता." मी ओतली. घरी आल्यावर चहा बिनदुधाचाच केला.

२० जानेवारी

थकले. बस.

२ फेब्रुवारी

भलत्याच कामासाठी गेल्या वर्षीचं लसीकरणाचं रजिस्टर काढलं आणि त्यात उदयसिंहाचं नाव दिसलं.

ही लस फक्त कालवडींना द्यायची, चार ते आठ महिन्यांच्या. मोठ्या गाईला दिली तर तिचं रक्त पुढे कितीतरी महिने आजारी गाईसारखंच दिसतं. गेल्या मार्चमध्ये मी उदयसिंहाकडे पाच डोसांची बाटली फोडली. कालवड एकच. फोडलेली बाटली काही तासांत संपवावी लागते, टाकून दिली की वर खुलासे. आमचा कंपाउंडर नरसिंह म्हणाला, "वेस्ट क्यों करना मैडम?" शेजारी चार गाई उभ्या होत्या. टोचल्या! रजिस्टरात लिहिलं – कालवडी, पाच.

त्याच या चौघी. आणि तीन आठवडे मला हे आठवूसुद्धा नये?

६ फेब्रुवारी

धीरजला सांगितलं. "तुला कुणी विचारलंय का? मग गप्प बस ना यार." नवरा म्हणून त्याचं बरोबरच आहे. मला स्वतःची लाज वाटते, त्याचं काय?

११ फेब्रुवारी

वरच्या साहेबांना लिहून दिलं. चूक माझी, गाई निरोगी. त्यांनी कागद दोनदा वाचला. "दो-तीन महीने बाद दोबारा टेस्ट करा लेते हैं. तब तक अलग रहने दो." मीच हट्टाला पेटले – सर, गलती मेरी और सज़ा उनको? तासभर डोकं खाल्लं त्यांचं. शेवटी सोडायच्या कागदावर सही केली. मला मेमो. मिळू दे! आज पहिल्यांदा नीट जेवले.

१५ फेब्रुवारी

चौघी परत गोठ्यात. उदयसिंहाला सगळं सांगितलं. शिव्या खायच्या तयारीने गेले होते. तो एवढंच म्हणाला, "गलती मान ली आपने, कौन मानता है आजकल."

रिंकूने दोन पेले ताजं दूध आणलं, तसंच, न तापवता. उकळून घे, मी सवयीने म्हणाले. ती हसली. "अब तो ठीक हैं न, मैडम?"

हो म्हटलं. दोघीही प्यायलो.

२४ मार्च

त्या चौघींतली एक गाभडली. सातवा महिना होता. मी पोचेपर्यंत रिंकूने नुसत्या हातांनी सगळं साफ करून टाकलं होतं. पाय घसरला असेल, उदयसिंह म्हणतो. असेल, मीही म्हणाले.

१८ एप्रिल

रिंकूला दोन आठवडे ताप. सकाळी उतरतो, संध्याकाळी चढतो, घामाने चिंब होते. मोहल्ल्यातला डॉक्टर व्हायरल म्हणतो. मी हट्टाने रक्त तपासायला पाठवलं.

२६ एप्रिल

रिंकूचा रिपोर्ट आला. ब्रुसेला.

तिला तर मी लस टोचली नव्हती.