नार्व्याच्या फेरीने कोण आला

१० नोव्हेंबर १९७१
सकाळी बांद्याहून निघाले; दोडामार्ग, डिचोली करत ऊन कलायच्या आत सासरी पोचलेसुद्धा! दादा सोडायला आला होता, घोटभर सोलकढी पिऊन लगेच परतला. घर नदीच्या अंगाला आहे. भरतीचं पाणी माडांच्या मुळाशी येतं. सासूबाईंनी दारातच माझी दृष्ट काढली आणि ह्यांची खोली मला दिली. मोठं जनेल आहे, म्हणजे खिडकी. त्याला लागून मेज. लिहायला छान उजेड.
मे महिन्यात लग्न झालं तेव्हा ह्यांना रजा अकराच दिवसांची. ती संपली आणि हे पलटणीत गेले, मी माहेरीच राहिले. आता आई एकटी पडते, तू नार्व्याला जा, असं ह्यांनीच पत्रातून सांगितलं.

२१ नोव्हेंबर
इथली सवय होतेय. सकाळी पाववाला सायकलवरून भोंपू वाजवत येतो. मग मी आणि सासूबाई परसात मिरचीची रोपं लावतो. शेजारची जानकी माझ्याच वयाची, तिच्याबरोबर धक्क्यावर मासळी आणायला जाते. नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवरचा बाबली ह्यांचा शाळासोबती. मला बघून ‘शिवदासाची बायल’ म्हणून ओरडतो आणि मीच लाजते.
एक गोष्ट कुणाला सांगता येत नाही. मला ह्यांचा चेहरा नीट आठवत नाही. अकरा दिवसांत मान वर करून कितीसं पाहणार? वर्दीतला फोटो आहे, पण त्यात हे भलतेच कुणी वाटतात.

४ डिसेंबर
लढाई सुरू झाली. जानकीच्या रेडिओवर ऐकलं. मुरगावचे दिवे बंद ठेवतात म्हणे. सासूबाई सप्तकोटेश्वराला नारळ ठेवून आल्या. मी सकाळपासून एकच कपडा तीनदा धुतला.

६ डिसेंबर
आज दुपारी बाबली धावतच अंगणात आला. “वयनी, घोव आयलो गो तुझो!” हे पलीकडच्या दिवाडी बेटावरून फेरीत बसले, त्याच्याशी बोलले, इथे उतरले, असं सांगत होता. सासूबाई आणि मी धक्क्यापर्यंत गेलो. वाटेवर कुणी नव्हतं.
बाबली पीत नाही.

९ डिसेंबर
जानकीला हे तळ्याच्या बांधावर दिसले. हसले, तिची चौकशी केली. घरी का येत नाहीत विचारलं, तर येतो म्हणाले, वाट जरा आठवतोय.
ती सांगत होती आणि मला तिचा हेवा वाटत होता.

१० डिसेंबर
तार आली. पाच तारखेला ह्यांच्या डोक्याला मार लागला. लष्करी इस्पितळात आहेत, शुद्धीवर आहेत, जीव वाचला.
मी रडले, देवापाशी साखर ठेवली. मग हात थांबला. हे तिकडे खाटेवर असतील, तर फेरीतून उतरला तो कोण?

१३ डिसेंबर
भर दुपारी. मी विहिरीवरून आले तर सासूबाई ओसरीवर पान वाढून बसलेल्या. शिवदास जेवतोय, म्हणाल्या. मला पाट दिसला, पान दिसलं. भात कमी होत होता. माणूस दिसला नाही. पाटाखालची जमीन ओली होती.
सासूबाई इतक्या सुखात मी कधी पाहिल्या नव्हत्या.

२० डिसेंबर
लढाई संपली. आज पत्र आलं, ह्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या जवानानं लिहिलेलं. हे खातात, बोलतात, पण एकेक माणूस विसरत चाललेत. सहा तारखेला बाबलीला विसरले. नऊला जानकीला. तेराला स्वतःच्या आईला. आता एकच नाव घेतात, सुलोचना. माझं.
म्हणजे जो कुणी त्याला इथे बघतो, तो तिकडे ह्यांच्या मनातून जातो. मी एकटी उरलेय. त्या दिवशी पाटावर तो मला दिसला नाही, चेहराच आठवत नव्हता म्हणून असेल. मी बघितलं की ह्यांच्याजवळ काहीच उरणार नाही.
सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. हा काय समोर बसलाय माझा झील, कागद कसले वाचतेस, म्हणाल्या.

२१ डिसेंबर
दादाला तार केली, ने म्हणून. दोन दिवस तरी लागतील.
जनेल लावून घेतलं. पदर डोळ्यांवर ओढून काम करते. सासूबाई पाया पडल्या — एकदा बघ गो त्याच्याकडे, तुझ्यासाठी आलाय —
मलाही बघायचंय. तेच भय आहे.

२२ डिसेंबर
दुपार. दाराबाहेर उभा आहे. हाक मारतो — सुलू. असं फक्त हेच —
आवाज आता आठवला. चेहराही आठवेल, एकदा —
नाही.

२३ डिसेंबर
दादा अजून नाही. सासूबाईंनी कडी काढली.
तो आत आहे. म्हणून लिहीत बसलेय. डोळे वहीवर, फक्त वहीवर. माझ्या मागे फरशी ओली होतेय, ऐकू येतं. ह्यांना माझं नाव राहू दे, देवा, एवढं एक —
पानावर सावली पडली. मी वर बघणार नाही. मी वर —
बोटं. पानाच्या कडेला. पाण्यानं सुरकुतलेली. अंगठ्याजवळ तो तीळ, ह्यांचाच, मला कसा आठव—